बारा सेंटीमीटरची राक्षसीण : पेणच्या कारखान्यातल्या प्रकल्प नोंदी

24 फेब्रुवारी 2025, सोमवार

संग्रहालयाचा फोन. खोल समुद्रावर दालन करताहेत. आपल्या 'मत्स्य 6000' पाणबुडीमुळे विषय चर्चेत आहेच, त्यात या महिन्यात टेनेरिफ बेटाजवळचा तो व्हिडिओ सगळीकडे फिरला. भर उन्हात, पाण्याच्या पृष्ठभागाजवळ पोहणारी काळी अँगलरफिश. अँगलर म्हणजे गळ टाकून बसणारा; हिच्या कपाळावर टोकाला दिवा असलेला काटा असतो, तोच गळ. पेणमध्ये आम्ही तिला गळवाली म्हणायला लागलोय. संग्रहालयाला हवंय काय, तर हिचं मॉडेल, 'तीन फुटी, भयानक, तोंड उघडं, डोळे वटारलेले'.

मी विचारलं, "साहेब, व्हिडिओतला मासा केवढा होता माहितीये का?" नव्हतं. जेमतेम सहा सेंटीमीटर. माझ्या करंगळीएवढा.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "तरी तीन फूट जमेल ना?"

3 मार्च

जात ठरली : मेलॅनोसिटस जॉन्सनाय. नावाचा पहिला भाग ग्रीक, अर्थ काळा जलराक्षस. दुसरा भाग जेम्स येट जॉन्सन यांच्यावरून. मदेरा बेटावर हा मासा त्यांच्या हाती लागला आणि 1864 मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या आल्बर्ट ग्यून्थर यांनी त्याचं वर्णन छापलं. ही जात अटलांटिक, पॅसिफिक आणि आपल्या हिंदी महासागरातही आहे. म्हणजे दालनात परकी पाहुणी आणून बसवली असं होणार नाही.

सागरी जीवशास्त्राच्या मॅडम सल्लागार म्हणून आहेत. पहिल्याच बैठकीत त्यांनी स्पष्ट सांगितलं : मादी मोठ्यात मोठी वीतभर, नर फार तर तीन सेंटीमीटर. तीन फुटी मॉडेल ठेवलं की लोक घरी जाऊन 'शार्कएवढा मासा पाहिला' असंच सांगणार, खाली पाटी कितीही मोठी लावा.

माझं म्हणणं मी मांडलं. दोन मॉडेलं करू. एक खऱ्या मापाचं, बारा सेंटीमीटर, अंधाऱ्या पेटीत. दुसरं पाचपट, साठ सेंटीमीटर, उजेडात, बारकावे दाखवायला. पाचपटीच्या पेटीतच पाचपट नर, मूळ माप अडीच सेंटीमीटरच्या आत धरून. तो बारा सेंटीमीटर भरतो, म्हणजे खऱ्या मापाच्या मॉडेलमधल्या मादीएवढा. नुसतं एका पेटीतून दुसरीकडे पाहिलं तरी माप डोक्यात बसेल. तीन फूट गेले. साहेब नाराज, पण मानलं.

12 मार्च

संदर्भ जमवतेय. स्पिरिटमध्ये ठेवलेल्या नमुन्यांचे फोटो पाहून काम केलं तर पायावरच धोंडा. हाडं पातळ, मांस पाण्यासारखं. फॉर्मलिनमधून अल्कोहोलमध्ये गेलं की अंग आक्रसतं, रंग उडतो, जबडा वाकडा, दात इकडेतिकडे. लोकांच्या मनातली 'भयानक' गळवाली बऱ्याच अंशी बरणीतली मेलेली गळवाली आहे.

जिवंत पाहायची तर चित्रफिती. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे बे अ‍ॅक्वेरियम रिसर्च इन्स्टिट्यूटच्या 'डॉक रिकेट्स' या रिमोटवर चालणाऱ्या पाणबुडीने नोव्हेंबर 2014 मध्ये सुमारे 600 मीटर खोलीवर एक मादी टिपली, नऊ सेंटीमीटरची. ती फीत मी तीसेक वेळा पाहिली. मासा कुठे झेपावत नाही. तरंगतो. पंख जरासे हलतात, गळ पुढे झुकलेला. अंगावर बारीक ठिपक्यांच्या रांगा, पाण्यातली हालचाल ओळखणाऱ्या. आणि गोल, टम्म, दम धरून बसलेलं अंग.

संग्रहालयाने पाठवलेल्या स्केचमध्ये कपाळावर रागीट भुवया आहेत. त्या काढल्या.

2 एप्रिल

पाडवा झाला, मातीला हात लावला. मोठं मॉडेल शाडूत करायचं होतं, हाताची सवय तीच. पण तीन आठवडे उघडी ठेवली की शाडूला भेगा. म्हणून तेलमाती. आत जीआय पाइप आणि थर्मोकोलचा सांगाडा.

पहिलीच चूक मापाची. बारा सेंटीमीटर मी नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत धरले होते. मॅडमनी फोनवर सांगितलं, माशाची शास्त्रीय लांबी शेपटीचा पंख सोडून मोजतात. म्हणजे साठ सेंटीमीटर नुसतं अंग, पंख वेगळा. काचपेटीची ऑर्डर मात्र पंच्याहत्तरच्या हिशेबाने गेलेली, आणि पंख धरून मासा त्यात सरळ मावेना. शेवटी शेपूट डावीकडे वळवली. चित्रफितीतला मासा तरी कुठे फूटपट्टीसारखा सरळ होता! चुकीतून पोज बरी मिळाली, पण हे श्रेय मी घेणार नाही.

17 एप्रिल

काका आले. वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे आखणी करतात. पेणमध्ये गणपतीच्या डोळ्यांच्या कामाला आखणी म्हणतात आणि काकांच्या आखणीचे गणपती लांबून ओळखू येतात. मूर्तीत बाकी काही फसलं तरी चालतं, नजर फसली की मूर्ती परत येते. असा माणूस माझ्या माशाभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला,

"बाय, हिचं डोलं कुठं हाय?"

दाखवला. साठ सेंटीमीटरच्या अंगावर वाटाण्याएवढा खळगा, वर कातडीचं आवरण. मोठ्या मादीचे डोळे एवढेच उरतात.

"आंधलीच म्हन की."

आंधळी नाही, पण जवळपास. शोधायचं काम तिचं नाहीच. उजेड दाखवून दुसऱ्याला बोलवायचं आणि तोंड उघडायचं. नराचं उलटं : डोळे मोठे, नाकपुड्या त्याहून मोठ्या, कारण त्याला काळोखात वासावर ती सापडायला हवी. काकांना नर आवडला. "ह्याला आखणी हाय," म्हणाले.

28 एप्रिल

पंखांची मोजणी. पाठीवरचा पंख 14 काट्यांचा (या जातीत 13 ते 16 असतात), गुदपंख 4, शेपूट 9. पोटाखालचे जोडपंख अजिबात नाहीत; खोल समुद्रातल्या गळवाल्यांत ते नसतातच. वेळ वाचावा म्हणून खऱ्या मापाच्या मॉडेलचे पंख बाहेरून थ्रीडी प्रिंट करून मागवले होते. आले ते गुदपंखाला सहा काटे घेऊन, वर पोटाखाली दोन छान जोडपंख. कुणीतरी नेटवरचं आयतं मॉडेल उचललं असणार. परत पाठवलं.

पंख आता हातानेच. काट्यांना तंगूस, वेगवेगळ्या जाडीची, टोकाकडे घासून निमुळती केलेली. काचेवर सिलिकॉनचा पातळ हात मारायचा, अर्धवट सुकताना तंगूस मांडायची, वरून दुसरा हात. सोलून काढलं की दुधी, लवचीक पडदा मिळतो. पहिले सहा फाटले. सातवा निघाला तेव्हा चहा गार झाला होता, तरी प्यायले.

9 मे

आज दोन किलो सिलिकॉन कचऱ्यात.

लहान मॉडेलही तेलमातीतच केलं होतं. त्याच्या साच्याला प्लॅटिनम सिलिकॉन घेतलं, महागातलं, कारण ते आकसत नाही आणि दातांच्या खाचा नीट उचलतं. ओतलं, रात्रभर ठेवलं. सकाळी वरून घट्ट, मातीला लागून असलेला थर मात्र चिकासारखा ओला. दुसऱ्या दिवशीही तसाच. तेलमातीत गंधक असतं आणि गंधक लागलं की प्लॅटिनम सिलिकॉन घट्टच होत नाही. हे मला माहीत होतं! मोठ्या मॉडेलला टिनवालं सिलिकॉन वापरलं, त्याला गंधकाची अडचण नाही, तो साचा सुरेख निघाला. त्याच तंद्रीत लहानावर दुसरा डबा उघडला. नखाएवढ्या तुकड्यावर आधी चाचणी घेतली असती तर पाच मिनिटांत कळलं असतं.

मातीवर लॅकरचे हात मारून वाचवता आलं असतं, पण त्याचा भरवसा नाही आणि थर चढला की बारकावे बुजतात. लहान मासा पुन्हा करतेय, मेणात. सहा दिवस गेले. मेणातला मासा खरं तर अधिक बरा आहे, ओठाची कड धारदार मिळाली. पण हे साहेबांना सांगितलं तर बिलात धरणार नाहीत.

26 मे

पाऊस! काल कोकणात मान्सून आला, आज मुंबईत. मे महिन्यात. मुंबईत इतक्या लवकर तो आल्याची नोंद नाही म्हणतात. कास्टिंगसाठी आखलेले कोरडे पंधरा दिवस वाहून गेले.

पेणमध्ये पावसाळ्यात रेझिन म्हणजे रुसलेली सून. पॉलियुरेथेनला दमट हवा लागली की फेस येतो, अंगात बुडबुडे. म्हणून मोठं कास्टिंग पॉलिएस्टर आणि फायबर मॅटचं. तेही हवेत ओल असली की वरून चिकट राहतं. मागच्या खोलीला प्लॅस्टिक लावलं, दोन मोठे बल्ब लटकवले, कोपऱ्यात ओल शोषायला पाटीभर कळीचा चुना. (नव्या पोरांसाठी पुन्हा लिहून ठेवते : कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर नंतर. दोन्ही एका भांड्यात थेट एकत्र कधी नाही. भडका उडतो.)

12 जून

दात.

मोठ्या मॉडेलला वर 46, खाली 40, सगळ्यांत लांब सात सेंटीमीटर. हे दात जबड्यात ठोकून बसवलेले नसतात; आतल्या बाजूला बिजागरीसारखे वळतात. भक्ष्य आत शिरताना दात आडवे होतात, बाहेर पडायला गेलं की उभे. कोळ्यांच्या डोल जाळ्यात शिरलेल्या मासळीसारखं, आत जायची वाट आहे, परतीची नाही. पोटही तसंच ताणतं. स्वतःपेक्षा मोठा घास ती गिळू शकते. खाली अन्न कधी मिळेल याचा नेम नाही, समोर आलेलं सोडून कसं चालेल?

रेझिनमध्ये ओतलेले दात बोथट दिसले, प्लॅस्टिकच्या कंगव्यासारखे. मग अ‍ॅक्रिलिकची सळई हीट गनवर धरून ओढायला लागले. तिळाच्या लाडवाचा पाक जसा बघतो, तसंच. लवकर ओढलं तर जाड दांडका, उशीर झाला तर केस. मधला एक क्षण असतो, सळई किंचित झुकते, तेव्हा एका दमात ओढायची आणि हात स्थिर धरायचा, थंड होईपर्यंत. टोक आपोआप सुईसारखं निघतं, आणि ओढताना मनगट जरा वळवलं की आतल्या बाजूचा बाकही येतो. दिवसाला बारा चांगले दात. डाव्या अंगठ्याला फोड.

सगळे सारख्या उंचीचे लावायचे नाहीत. लांब, आखूड, मध्येच एक कललेला. शाळेच्या रांगेसारखे दात लावले की मासा खेळण्यातला होतो.

29 जून

माहितीफलकाचा मसुदा आला. 'नर मादीला चावतो, तिच्या शरीरात विरघळतो आणि आयुष्यभर परजीवी बनून राहतो.' लाल पेनाने परत.

हे खरं आहे, पण सगळ्या गळवाल्यांचं नाही. 1922 मध्ये आइसलंडच्या ब्यार्नी सेमुंडसन यांना सेरॅशियस या दुसऱ्या प्रकारच्या गळवालीच्या मोठ्या मादीला चिकटलेले दोन छोटे मासे दिसले. त्यांना ती पिल्लं वाटली. आईच्या पोटाला तोंड लावून का राहिलीत, हे कोडं त्यांनी तसंच नोंदवून ठेवलं. 1925 मध्ये लंडनच्या चार्ल्स टेट रीगन यांनी असाच एक नमुना चिरून पाहिला आणि कळलं की तो पूर्ण वाढलेला नर आहे, मादीच्या रक्तावर जगणारा. त्या जातींत दोघांची कातडी आणि रक्तवाहिन्या जुळतात. माणसाला दुसऱ्याचं मूत्रपिंड लावलं तर शरीर नाकारतं, मग हे जमतं कसं? 2020 मध्ये जर्मनी आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की अशा जातींनी प्रतिकारशक्तीची काही महत्त्वाची जनुकंच गमावली आहेत.

पण आमच्या मेलॅनोसिटसचा नर तात्पुरता चिकटतो, काम झालं की सुटतो. त्यामुळे मॉडेलमध्ये नर मादीच्या पोटाला लटकणार नाही. तो मागून येतोय, अजून एका वितीवर. साहेबांचं म्हणणं, 'पण लोकांना तेच बघायचं असतं.' मॅडम एवढंच म्हणाल्या, "मग दुसऱ्या जातीचं मॉडेल करा." तिथे विषय मिटला.

6 जुलै, आषाढी

रंगाचा घोळ.

2020 मध्येच खोल पाण्यातल्या माशांच्या काळेपणावर एक अभ्यास छापून आला. सोळा जातींची कातडी अशी निघाली की पडलेल्या उजेडातला अर्धा टक्काही परत जात नाही. त्यांतली सर्वांत काळी म्हणजे गळवाल्यांपैकीच, ओनायरोडिस. ती फक्त 0.04 टक्के परतवते. कातडीत रंगकणांचा दाट थर असतो, आणि कणांचा आकार असा की जो प्रकाश गिळला जात नाही तो बाजूच्या कणावर ढकलला जातो आणि तिथे गिळला जातो. शिकाऱ्याला हे लागतंच : स्वतःच्या दिव्याचा उजेड स्वतःच्या तोंडावर पडून उपयोग नाही.

आता माझी पंचाईत बघा. खरा रंग दिला तर तीन महिन्यांचं कोरीवकाम नाहीसं. करून पाहिलंच. काजळी आणि मॅट बाइंडर मिसळून एका जुन्या कास्टवर मारलं. जबड्याची कड, ठिपक्यांच्या रांगा, गालाची घडी, सगळं गायब. भिंतीत भोक पाडल्यासारखा आकार उरला. काका म्हणाले, "येवढं कशाला केलंस मग? पुठ्ठा कापायचा."

बरोबरच आहे त्यांचं. जो मासा दिसू नये म्हणून घडला आहे, तो दाखवण्यासाठी मी पैसे घेतेय.

ठरलं ते असं. लहान मॉडेल काजळीचं, जमेल तितकं काळं, काळ्या पेटीत. दिसेल फक्त दिव्याचा ठिपका आणि जवळ गेलं तर दातांची चमक. मोठं गडद तपकिरी, किंचित ओलसर चमक, पांढऱ्या उजेडात. आणि मोठ्याच्या पाटीवर पहिलीच ओळ : 'रंग मुद्दाम उजळ केला आहे.' ही ओळ काढली तर मॉडेल परत आणेन, असं मेलमध्ये लिहून टाकलंय.

21 जुलै

गळाचं काम. गळ म्हणजे पाठीच्या पंखाचा पहिला काटा, सरकत कपाळावर आलेला. टोकाला छोटा फुगा, मागे बारीक तुरा. फुग्यात चमकणारे जिवाणू राहतात, बाहेरच्या पाण्याशी जोडणारं छिद्रही असतं. या जिवाणूंची जनुकसंपदा घटून त्यांच्या मोकळ्या नातेवाइकांच्या जवळपास निम्म्यावर आली आहे, घरजावयासारखी सोय झाली की होतं तसं.

एलईडी फुग्यातच बसवला तर जळाल्यावर मासा फोडावा लागेल. म्हणून दिवा खाली पीठिकेत, काट्यातून एक मिलिमीटरचा प्लॅस्टिक ऑप्टिकल फायबर वर. निळा एलईडी मोबाइल टॉवरसारखा दिसला. नीळसर हिरव्यावर आले.

चाचणी चालू असताना संध्याकाळी साडेसातला लाइट गेली. सर्किट बॅटरीवर होतं. कारखान्यात दोनेकशे गणपती पांढरा प्रायमर मारून रांगेत उभे, रंगाची वाट बघत. अंधार स्थिरावल्यावर ते हळूहळू दिसायला लागले, सगळे फिकट, भिंतीपर्यंत. टेबलावरचा काळा मासा मात्र कुठेच नव्हता. हवेत एक ठिपका. त्याच्या उजेडात समोरच्या गणपतीच्या सोंडेचं टोक उजळलेलं, इतकंच. मी हात पुढे केला आणि मासा अंदाजापेक्षा खूप अलीकडे निघाला. बोटाला दात लागला.

काका अंधारातून म्हणाले, "आता कललं."

4 ऑगस्ट

सगळे कारागीर गणपतीत. माझ्याकडे कुणी नाही, हक्कही नाही मागायचा. पंख जोडले, सांधे बुजवले, घोटकाम. पावसाने एअरब्रशच्या कॉम्प्रेसरमध्ये पाणी. पहिला हात फुलला, घासून पुन्हा.

16 ऑगस्ट

रात्री पावणेबाराला काका आले, दिवसभराची आखणी संपवून. नराचे डोळे त्यांच्यासाठी ठेवले होते. चष्मा पुसला, शून्य नंबरचा ब्रश ओठात धरून टोक केलं, दोन्ही डोळे चार मिनिटांत. मग न विचारता मादीकडे वळले. त्या वाटाण्याएवढ्या खळग्यात काही रंग लावला नाही, फक्त वार्निशचा एक थेंब टेकवला. आता डावीकडून बघितलं की डोळा आहे, समोरून बघितलं की नाही.

19 ऑगस्ट

गाडी भरली. सोबत : 8 जादा दात, 2 एलईडी, टचअपचा रंग, फायबर साफ करायला मऊ ब्रश. पेटीवर लिहिलं, 'गळ धरून उचलू नये.'

25 ऑगस्ट

परवा गणपती. संग्रहालयातून फोन : गळ धरूनच उचललं. काटा शाबूत आहे, तंगूसमुळे वाकला आणि परत आला, पण खालच्या जबड्यातला डावीकडून सहावा दात तुटला. जादा दातांच्या डबीत 'ख-6' अशी चिठ्ठी लावलेला आहे, तोच बसवायचा, बाक आतल्या बाजूला. फेव्हिक्विक नको, पांढरं धुकं धरतं. विसर्जनानंतर मी स्वतः येते म्हटलं.